एक चूल, दोन खिसे

तुमच्या घरात वर्षाला किती पैसे येतात?

लाजू नका, चिडूही नका. हा प्रश्न मी अनोळखी माणसांना त्यांच्याच दारात उभी राहून विचारत असे आणि त्याचा मला पगार मिळत असे. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी सवय सुटत नाही. परवा नातीच्या मैत्रिणीची आई पहिल्यांदाच घरी आली. चहा पुढे करता करता मी विचारलं, "दोघंही नोकरी करता का? पगार बँकेत जमा होतो की रोख?" नात किंचाळलीच. "आजी, यार! प्लीज!"

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकबाईंनी लेख मागितला तेव्हा मी म्हटलं, सरकारी घरासाठी उत्पन्नाची अट काय असते, यावर दिवाळीत कोण वाचणार? लोक चकली खात खात अंक चाळतात. त्या म्हणाल्या, "तुम्ही लिहा तर. अर्धी दिल्ली घराचे फॉर्म भरते, आणि उरलेली अर्धी आपला फॉर्म का नाकारला म्हणून विचारत फिरते." हे मात्र खरं. म्हणून लिहिते. खात्याचं नाव सांगणार नाही. पेन्शन चालू आहे आणि मला ती चालूच ठेवायची आहे.

आधी आमचं काम काय ते समजून घ्या. ज्यांची मिळकत कमी, त्यांच्यासाठी सरकार लहानसे फ्लॅट बांधतं आणि किमतीतला काही भाग स्वतः सोसतं. घरं थोडी, अर्ज ढीगभर, म्हणून सोडत. सोडतीत नाव लागलं की लोक लगेच मिठाई वाटत सुटतात. ही पहिली चूक. सोडत म्हणजे फक्त नशिबाने होकार दिला. सरकारचा होकार त्यानंतर, आणि तो माझ्या टेबलावरून जात असे. मला तीन प्रश्नांची उत्तरं शोधायची असत. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे का? कुटुंबातल्या कोणाच्या नावावर शहरात पक्कं घर आहे का? आणि कागदावर लिहिलंय ते खरं आहे का? पहिल्या दोन प्रश्नांसाठी तहसीलदाराचा दाखला असतो, प्रतिज्ञापत्र असतं. तिसऱ्यासाठी मी होते.

तेव्हाची मी म्हणजे कोण? पंचेचाळिशीची, कडक स्टार्चच्या सुती साडीतली, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा घातलेली एक बाई, जिला वाटत असे की दिल्ली सरकार आपल्याच खांद्यावर उभं आहे. आज ती मला रस्त्यात भेटली तर मी पदपथ बदलेन. ऑफिसात तिचं नाव होतं 'कैंची मॅडम'. कापाकापी करते म्हणून. मला ते कळल्यावर राग यायला हवा होता. मी घरी येऊन ह्यांना कौतुकाने सांगितलं.

पण कैंची उगाच नव्हती, हेही सांगते. एक मिठाईवाले गृहस्थ आले. तहसीलदाराच्या दाखल्यावर उत्पन्न इतकं कमी की वाचून मलाच त्यांना घरी जेवायला बोलवावंसं वाटलं. फाईल उलटता उलटता मागे टाचलेला एक कागद सापडला. त्यांनीच गाडीच्या कर्जासाठी बँकेला दिलेला उत्पन्नाचा कागद, झेरॉक्सवाल्याच्या हातून चुकून आमच्या गठ्ठ्यात आलेला. त्याच माणसाचं, त्याच महिन्यातलं उत्पन्न, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. ते बघून म्हणाले, "मैडम, वो बैंक के लिए है, ये सरकार के लिए है." जणू एक सदरा लग्नाचा आणि एक घरातला.

दुसरे एकजण फाटक्या कुडत्यात आले, हात जोडून, मान खाली घालून. कुडता इतका मोठा होता की खांदे दंडावर उतरलेले. मी विचारलं, "यह कुर्ता किसका है?" ते गडबडले आणि खरं बोलून गेले, "ड्राइवर का."

आणि एक शिपाई होता, त्याला मी विसरले नाही. नगरपालिकेच्या शाळेतला. पगारवाढ झाली आणि वर्षाचं उत्पन्न मर्यादेच्या अगदी जराशा वर गेलं. तो खिडकीशी उभा राहून विचारत होता, "मैडम, बढ़ी हुई तनख्वाह वापस कर दूँ तो?" आमच्या धंद्यातली ही सगळ्यात कडू गोष्ट आहे. ज्याला पगाराची पावती मिळते, त्याचं उत्पन्न रुपयापर्यंत कळतं, म्हणून तो अडकतो. ज्याचा सगळा व्यवहार रोखीचा, त्याचं उत्पन्न तो सांगेल तितकंच. त्या शिपायाला मी नकार दिला, तो नियमाने बरोबर होता, आणि तरी तो मला अजून टोचतो.

आता मुख्य गोष्टीकडे येते. या खात्यात यायच्या आधी मी बरीच वर्षं रेशनकार्डांच्या शाखेत होते. तिथे कुटुंब मोजायची पद्धत सोपी होती. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. भाऊ वेगळे म्हणतात? मग दोन चुली दाखवा. आम्ही घरात शिरलो की देवघर बघायचो नाही, दिवाणखाना बघायचो नाही, सरळ स्वयंपाकघरात. बदली होऊन घरांच्या शाखेत आले तेव्हा टेबल बदललं, रजिस्टर बदललं, पण चूल मी बरोबर घेऊन आले. कोणी सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नाही. सोडतीत नाव लागलेल्याच्या घरी मी जाई, चुली मोजी, आणि एका चुलीवर जेवणाऱ्या सगळ्यांची कमाई एकत्र करून बेरीज मर्यादेला लावून बघे.

ही बातमी गल्ल्यागल्ल्यांत पसरली. कैंची मॅडम चूल्हा गिनती है! मग मी जाईन त्या घरात कोपऱ्यात एक दुसरा स्टोव्ह मांडलेला दिसू लागला. करोल बागेच्या मागच्या एका गल्लीत तर सलग तीन घरांत तोच निळा स्टोव्ह मला भेटला, तोच पोचा, तीच तुटलेली कळ. मी पुढच्या दाराने निघाले की तो मागच्या दाराने पुढे पळत असावा. मी काय करायचे, त्यावर तळहात ठेवायचे. गार! "यह चूल्हा कब जला था?" समोरचा माणूस छताकडे बघू लागे. मला अशा वेळी फार हुशार वाटायचं. ऑफिसात येऊन हात वर करून दाखवायचे, "थर्मामीटर!" खुरानाजी म्हणून माझे एक सहकारी होते, निवृत्तीला आलेले, सतत चहा पिणारे. ते म्हणायचे, "मैडम, आप मकान बाँट रही हैं कि तंदूर?" सगळे हसायचे. मीही हसायचे. त्या माणसाने गमतीत खरं सांगितलं होतं, पण हुशार बायकांना गंमत ऐकू येते, खरं ऐकू येत नाही.

अशीच एका सकाळी मी त्याच भागात पोचले. सोडतीतलं नाव होतं कमलेश. दोन खोल्या, मधल्या बोळकांडीत ओटा. मी दारातून हाक मारली, "कमलेशजी को बुलाइए."

शिलाई मशीनवर वाकलेली बाई म्हणाली, "मैं ही हूँ."

दिल्लीत पंचवीस वर्षं काढून, हरयाणाकडच्या बायकांची नावं कमलेश, संतोष, राजेश असतात हे माहीत असूनही, मी मिशा शोधत होते. ती चाळिशीची होती. नवरा वारलेला. करोल बागेतल्या साड्यांच्या दुकानांसाठी फॉल-पिको करायची. साडीमागे मिळेल ते. तिच्या मांडीवर एक जांभळी बनारसी पसरलेली आणि शेजारी पिंकी, तिची मुलगी, दोरे कापत बसलेली. घर भाड्याचं, जेठाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या नावावर घेतलेलं. जेठ गुडगावात एका कंपनीची गाडी चालवायचा. गुरुग्राम तेव्हा गुडगावच होतं.

मी विचारलं, "खाना कौन बनाता है?"

"सुबह मैं, शाम को जिठानी."

"अलग-अलग बनता है?"

ती हसली. "अलग कैसे बनेगा, मैडम? चूल्हा तो एक ही है."

बघा. सगळ्या गल्लीला माझी चाल ठाऊक होती. निळा स्टोव्ह दोन घरं सोडून पलीकडेच होता. तिलाही कोणीतरी सांगितलं असणार. तिने तो आणला नाही. आणि खरं बोलली म्हणून मी रजिस्टरात लिहिलं: एक चूल, एकत्र कुटुंब, जेठाचे उत्पन्न मिळवता मर्यादेबाहेर. अपात्र. तिने चहा विचारला. मी नको म्हटलं, कारण मी निःपक्षपाती होते.

नकाराचं पत्र गेल्यावर ती ऑफिसात आली. पहिल्यांदा एकटी. "मैडम, जेठ का पैसा जेठ का है. रोटी एक है, जेब दो हैं."

"सब यही कहते हैं," मी म्हटलं.

दुसऱ्यांदा आली ती पिंकीला घेऊन. तिसऱ्यांदा आला तो जेठ, पांढऱ्या गणवेशात, टोपी हातात घेऊन. तो सरळ माणूस होता. म्हणाला, "मैडम, महीने के आख़िर में मैं कमरे छोड़ रहा हूँ. कंपनी गुडगाँव में एक कोठरी दे रही है, उसमें हम चार जने मुश्किल से आएँगे. छोटे भाई की बहू है, उसको सड़क पर छोड़ूँ क्या? क़िस्मत से फ़्लैट निकला है. मेरी कमाई उसके सिर मत मढ़िए."

"नियम है," मी म्हटलं.

"कौन-सा नियम? दिखा दीजिए, मैं उसको समझा दूँगा."

त्यावर मी जे वाक्य टाकलं ते आजही मला आंघोळ करताना आठवतं आणि मी एकटीच मोठ्याने 'छी!' म्हणते. मी म्हटलं, "नियम दिखाए नहीं जाते, लगाए जाते हैं." किती ऐटीत! दाखवणार कुठून? मी तो वाचलेलाच नव्हता.

तो टोपी घालून निघून गेला. कमलेश मात्र दारापर्यंत जाऊन परत आली आणि म्हणाली, "मैडम, आप नाराज़ मत होना. वो बोलते हैं ऐसे." माझी समजूत काढून गेली ती! नकार मी दिला आणि समजूत माझी.

त्या रविवारी दुपारी आमच्या घरी हे सरकारी आरोग्य कार्डाचा फॉर्म भरत बसले होते. मी पोळ्या लाटत होते. टेबलाशी आमचे सुधीरभाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, पेपर वाचत आणि काकडी खात बसलेले. त्यांची बदली दिल्लीला झाली तेव्हा 'क्वार्टर मिळेपर्यंत' म्हणून आमच्याकडे आले, त्याला चार वर्षं झाली होती. मी आतून म्हटलं, "अहो, कुटुंबाच्या रकान्यात भाऊजींचंही नाव घाला."

"भाऊ येत नाही कुटुंबात."

"येत नाही म्हणजे? चार वर्षं दोन्ही वेळा माझ्या हातचं जेवतात!"

"तुझ्या हातचं जेवतो म्हणून तो सरकारच्या कुटुंबात येतो का? नवरा, बायको, मुलं. इथे लिहिलंय."

मी लाटणं घेऊनच बाहेर आले. "भाऊजी, तुमचा पगार या घरात येतो का हो?"

भाऊजी घाबरले. त्यांना वाटलं, वहिनीने अखेर विषय काढला. "वहिनी, तुम्ही कधी मागितलाच नाहीत! मी आंबे आणतो की दर मोसमात. परवा कूलरचं पाणी कोणी बदललं?"

"येतो की नाही, तेवढं सांगा."

"नाही," भाऊजी बारीक आवाजात म्हणाले. "गावी आईला पाठवतो, बाकी माझ्या खात्यात."

तव्यावरची पोळी करपली. ह्यांना वाटलं मी भाऊजींवर चिडले. मी खोलीत जाऊन ऑफिसची पिशवी उपसली आणि योजनेची माहितीपुस्तिका बाहेर काढली. दोन वर्षं मी ती पुस्तिका वापरत होते. पान नऊपासून, कारण तपासणीचा तक्ता पान नऊवर होता. त्या दिवशी पहिल्यांदा मागे गेले. पान चारवर दोन ओळींत लिहिलं होतं: कुटुंब म्हणजे अर्जदार, त्याची पत्नी किंवा पती, आणि अविवाहित मुले. त्यात जेठ नव्हता. दीर नव्हता. चूल तर कुठेच नव्हती.

भाऊजींनी त्याच आठवड्यात क्वार्टरसाठी धावपळ सुरू केली आणि दोन महिन्यांत घर सोडलं. अजूनही ते सांगतात की वहिनीने मला लाटणं दाखवून बाहेर काढलं. मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधी जाऊन बसले. त्या सोडतीतल्या नाकारलेल्या फायली काढल्या आणि चुलीवरून कापलेल्या बाजूला ठेवल्या. सात निघाल्या. सातवी कमलेशची. आता अडचण अशी की नाकारलेल्यांची यादी शुक्रवारी वर जायची होती. ती गेली की ते फ्लॅट प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या लोकांना मिळणार. एकदा त्यांच्या हातात पत्र पडलं की ते परत घेता येत नाही. त्यांचा काय दोष? म्हणजे शुक्रवारपर्यंत काही झालं नाही, तर कमलेशचं घर कायमचं गेलं, आणि महिनाअखेरीला डोक्यावरचं छप्परही.

मी आमच्या साहेबांकडे गेले. भाटिया साहेब मुळात वाईट नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं, पाणी मागवलं आणि मला वाचवायचा मार्ग सांगितला. "अपील करवा दीजिए. अपील में कोई नया काग़ज़ लगवा दीजिए. हम नए काग़ज़ के आधार पर मान लेंगे. किसी की ग़लती नहीं."

"सर, अपील में दो महीने लगते हैं. लिस्ट शुक्रवार को जाती है."

"तो जाएगी. मैडम, आपका प्रमोशन ड्यू है. सर्विस बुक में दाग़ लगवाना है?"

तुम्ही सरकारी फायली वाचल्या नसतील, म्हणून सांगते. आमच्याकडे फाईलमध्ये एक हिरवट कागद असतो, त्यावर प्रत्येक जण आपलं मत लिहून सही करतो आणि फाईल वर सरकवतो. त्या कागदावर खाडाखोड चालत नाही, कागद फाडता येत नाही, पन्नास वर्षांनी कोणीही काढून वाचू शकतो. म्हणूनच त्यावर कोणी 'मी चुकले' असं लिहीत नाही. चुका टायपिस्टच्या असतात, पोस्टाच्या असतात, किंवा 'परिस्थितीचा पुनर्विचार करता असे आढळते' अशा बिनबापाच्या असतात. माझ्या सगळ्या नोकरीत मी दुसऱ्या कोणाची तशी ओळ वाचलेली नव्हती.

टेबलाशी येऊन मी पेन उघडलं. बंद केलं. खुरानाजींनी माझ्यापुढे त्यांचा चहा सरकवला. "लिखना है तो पूरा लिखना," ते म्हणाले. "आधी ग़लती मानने से आदमी डबल फँसता है."

मग मी लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, इथे मराठीत सांगते. वरील सात अर्ज मी स्वतः तपासले. पुस्तिकेतली कुटुंबाची व्याख्या मी वाचलेली नव्हती. मी रेशनकार्डाची पद्धत इथे लावली आणि जेठ, दीर, भाऊ यांचं उत्पन्न अर्जदारांच्या माथी मारलं. चूक माझी आहे, अर्जदारांची नाही. हे सात फ्लॅट रोखून ठेवावेत आणि अर्ज पुन्हा तपासावेत. माझ्याऐवजी दुसऱ्या कोणी तपासावेत.

खाली सही. इतकी सुवाच्य सही मी लग्नाच्या रजिस्टरातही केली नव्हती.

भाटिया साहेबांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारून 'पाहिले, पुढे सादर' एवढं लिहून सही केली. फाईल संचालिकाबाईंकडे गेली. त्यांचा दरारा असा की त्यांच्या मजल्यावर लोक चपला न वाजवता चालत. गुरुवारी दुपारी मला बोलावणं आलं. त्यांनी बसायला सांगितलं नाही.

"यह किसी ने आपसे लिखवाया है?"

"नहीं मैडम."

"कोई रिश्तेदार है इन सात में?"

"नहीं मैडम. रिश्तेदार के चक्कर में ही तो ग़लती पकड़ी." आणि माझ्या तोंडून भाऊजी, काकडी, करपलेली पोळी, सगळं बाहेर पडलं. त्यांनी ते गंभीर चेहऱ्याने ऐकलं. नंतर खुर्ची खिडकीकडे फिरवली. त्यांचे खांदे हलताना मला दिसले. पुन्हा वळल्या तेव्हा चेहरा होता तसाच. पेन उचलून त्यांनी सातही फ्लॅट रोखले आणि तपासणी खुरानाजींकडे दिली. मला म्हणाल्या, "आपने ठीक किया." मी तरंगतच खाली आले. सोमवारी टेबलावर पाकीट होतं. निष्काळजीपणाबद्दल खुलासा सादर करा. शाबासकी तोंडी आणि मेमो लेखी, ही सरकारी रीत आहे. माझी बढती पुढे दीड वर्ष लांबली.

मेमो घेऊन घरी आले तेव्हा मला रडू येत होतं. ह्यांनी तो शांतपणे वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "चल, साडी बदल. मेमो मिळाला की काहीतरी तळलेलं खायचं असतं." मग आम्ही दोघं बसने कस्तुरबा गांधी मार्गावर गेलो, आपल्या राज्याच्या अतिथिगृहाच्या कॅन्टीनमध्ये साबुदाणा वडे खाल्ले, आणि ह्यांनी शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी नागपूरकरांना सांगितलं, "आमच्या हिला आज मेमो मिळालाय." असं सांगितलं की जणू पदक मिळालंय. हे आता नाहीत. पण त्या दिवशीचा त्यांचा आवाज मला आजही ऐकू येतो.

खुरानाजींनी सात घरं तपासली. पाच पात्र निघाले. उरलेल्या दोघांपैकी एकाच्या बायकोच्या नावावर यमुनेपलीकडे चांगलं पक्कं दुमजली घर निघालं, आणि दुसऱ्याचं स्वतःचंच उत्पन्न मर्यादेबाहेर होतं. म्हणजे चुकूनमाकून मी दोनदा बरोबरही होते. खुरानाजी म्हणाले, "बंद घड़ी भी दिन में दो बार ठीक होती है, मैडम." कमलेश पात्र ठरली. साड्या मोजून तिचं उत्पन्न काढलं तर ते मर्यादेच्या कितीतरी खाली होतं.

एक हिशेब मात्र जुळला नाही. त्या सोडतीच्या आधीची एक सोडत मी त्याच पद्धतीने तपासली होती. ते फ्लॅट लोकांना मिळून गेले होते, माणसं राहायला आली होती, पडदे लागले होते. त्यात कितीजणांना मी चुलीवरून कापलं असेल, याचा शोध घ्यायची परवानगी मी दोनदा मागितली. मिळाली नाही. त्या लोकांना मी काही सांगू शकत नाही. हे वाचणाऱ्यांत कोणी असेल, तर तुमची क्षमा मागते.

मग मी उरलेल्या नोकरीत काय केलं? तपासणीचा तक्ता नव्याने लिहिला. मीच त्यात घुसवलेला स्वयंपाकघराचा रकाना काढून टाकला. त्याऐवजी विचारायला लावलं की मुलांची फी कोण भरतं, आजारपणात औषध कोण आणतं, भाड्यात कोणाचा किती वाटा. यातून खिसे किती ते बरोबर कळतं. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी पान चार मोठ्याने वाचायला लावी. एका तरुण अधिकाऱ्याला ते फार अपमानाचं वाटलं. मी म्हटलं, "बेटा, पढ़ लो. मैंने नहीं पढ़ा था, तो देखो, कितनी मशहूर हो गई." तो तक्ता अजून वापरात आहे असं ऐकते. त्यावर माझं नाव नाही. मला मात्र माहीत आहे, आणि आता तुम्हालाही. करोल बागेच्या खोल्यांतून सरकारी नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करणारी आपल्याकडची मुलंमुली हा अंक वाचतात. उद्या तुम्ही साहेब व्हाल. कोणी 'नियम दाखवा' म्हणालं, तर आधी उघडून दाखवा. दाखवताना आपल्यालाही वाचायला मिळतो.

चावी मिळायच्या आदल्या दिवशी कमलेश ऑफिसात आली. मला वाटलं, मिठाई. तर नाही. म्हणाली, "मैडम, मेरा एक घर आपने देखा था. दूसरा भी देखना पड़ेगा."

दुसऱ्या दिवशी मी गेले. शहराच्या अगदी उत्तरेच्या टोकाला, चौथा मजला, लिफ्ट नाही. जेठाने कंपनीकडून दोन तासांची सुट्टी घेऊन सामान पोचवलं होतं आणि तो खाली शिलाई मशीन उतरवत होता. पिंकी पुढे धावत गेलेली. मी प्रत्येक मजल्यावर थांबत, दम खात वर पोचले, तर दोघी मायलेकी आत उभ्या. एक खोली, जरासं स्वयंपाकघर, बाल्कनी म्हणायची इतकीच बाल्कनी. ओल्या चुन्याचा वास. मी सवयीने उंबरा ओलांडायला पाऊल उचललं.

"मैडम," कमलेश म्हणाली, "आप ज़रा बाहर ठहरो."

आणि तिने दार लावून घेतलं. माझ्या तोंडावर. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. कडी निघाली, दार इंचभर उघडलं, पुन्हा लागलं. पुन्हा कडी. मग पिंकीचा आवाज, "मम्मी, अब मैं." पुन्हा दार, पुन्हा कडी, आणि दोघींचं हसणं. दार काही उघडेना.

जन्मभर मी लोकांची दारं वाजवली. एकानेही मला बाहेर उभं केलं नव्हतं, कोणाची छाती नव्हती. त्या दिवशी मी जिन्यात पदर खोचून उभी राहिले, आणि खरं सांगते, कुठल्याही खुर्चीत बसून मला इतकं मोठं वाटलं नव्हतं.

वरच्या मजल्यावरचे एक सरदारजी बादली घेऊन चढत आले. बंद दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "क्या हुआ जी? खोल नहीं रहे?"

"खोलेंगे," मी म्हटलं. "जब उनका मन करेगा. घर उनका है."